सणसरच्या थोरलीचा कौल

बारामतीची एसटी स्वारगेटवरून हलली तेव्हा देवधर खिडकीपाशी बसले आणि मला म्हणाले, "बाहेर काही पाहण्यासारखं आलं तर सांगतो." हडपसर गेलं, घाट चढून झाला, सासवड गेलं, जेजुरी गेली. त्यांनी काहीही सांगितलं नाही. फाल्गुनातली सकाळ होती, हवेत अजून गारवा होता, आणि त्यांच्या मांडीवर आतून मऊ कापड लावलेली एक मोठी रिकामी पेटी होती. परतताना त्या पेटीत एक चित्र असावं अशी त्यांची इच्छा होती. नसावं अशी माझी होती.

हे कळायला थोडं मागं जावं लागेल. मी कादंबऱ्या लिहिते आणि त्या इटलीत घडतात. नायिका मराठी, नायक जुनी चित्रं दुरुस्त करणारा, एका चित्रात कुणीतरी कधीकाळी काहीतरी झाकून ठेवलेलं, आणि ते शोधता शोधता दोघांचं एकमेकांवर अत्यंत सावकाश प्रेम बसतं. मी स्वतः सोलापूरच्या पलीकडे गेलेली नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त माझा उंटसुद्धा ऐकीव आहे. चालू कादंबरीची दोनशे पानं वाचून प्रकाशक म्हणाले, "बाई, यांनी अजून एकमेकांचा हातसुद्धा धरलेला नाही." मी म्हणाले, "घाई काय आहे?" ते म्हणाले, "त्यांना नसेल. वाचनालयांना आहे."

चित्रांची माहिती मला देवधर पुरवतात. पुण्यातल्या एका संग्रहालयात ते जुनी चित्रं साफ करण्याचं काम करतात. दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे येतात, हस्तलिखित वाचतात, 'या शतकात हा रंग नव्हता' असं काहीतरी समासात लिहितात, चहा पितात आणि जातात. किती वर्षं हे चाललंय ते मोजण्यात अर्थ नाही. दोघंही चाळिशी ओलांडलेली, दोघंही एकटी. सुरुवातीला आळीत कुजबुज होती, पण काहीच घडेना म्हटल्यावर शेवटी लोकांनीच नाद सोडला.

त्या वर्षी संक्रांतीनंतर, गॅसचा नंबर लागल्याचं सांगावं तशा आवाजात देवधरांनी सांगितलं, की इटलीतल्या एका कार्यशाळेनं त्यांना दोन वर्षांसाठी बोलावलंय. अट एकच. आजवर कुणाच्या नजरेत न आलेलं एखादं जुनं चित्र शोधायचं, ते साफ करायचं आणि त्याचा अहवाल पाठवायचा. मी म्हणाले, "वा." त्या 'वा'चा मला पुढं बराच पश्चात्ताप झाला. हा माणूस गेला तर शनिवार म्हणजे शुक्रवार आणि रविवार यांच्यामधली नुसती जागा उरणार होती. पण मी मूग गिळून बसले. नायिकेच्या तोंडी दोनशे पानं वाक्यं घालणारी बाई स्वतःसाठी एक वाक्य बनवू शकली नाही.

चित्र त्यांना आधीच सापडलं होतं. आदल्या मे महिन्यात ते ऑफिसातल्या कुणाच्या तरी लग्नाला इंदापूर तालुक्यातल्या सणसरला गेले होते. पंगत बसायला वेळ होता म्हणून शेजारच्या घरात पाणी प्यायला गेले आणि त्या घराच्या देवघरात, देवांच्या टाकांच्या मागं, भिंतीला टेकवलेलं एक तैलचित्र पाहून पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून उभे राहिले. आता ते चित्र मागायला चालले होते. मला म्हणाले, "येता का? तुमच्या कादंबरीला उपयोग होईल." कादंबरीसाठी मी कुठंही जाते, असं मी त्यांना सांगितलं.

बारामतीला उतरून आम्ही स्टँडवर चहा घेतला. रुंद रस्ते, कापडाची दुकानं, मोटारसायकलींवर बांधलेल्या दुधाच्या किटल्या, आणि जो तो कुठंतरी कामाला निघालेला. आमच्यासारखी रेंगाळणारी माणसं तिथं आम्हीच होतो. इंदापूरच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या शेजारी भेंडीची रिकामी टोपली घेतलेल्या एक बाई येऊन बसल्या. बाजार आटोपून काटेवाडीला चालल्या होत्या. त्यांनी देवधरांकडं बराच वेळ पाहिलं. ते पेटी मिठीत घेऊन खिडकीबाहेर बघत होते.

"मालक बोलत न्हाईत व्हय?" बाईंनी मला विचारलं. मालक म्हणजे नवरा.

"ते असेच आहेत," मी म्हणाले.

"आमचं बी तसंच हाय," बाई म्हणाल्या. "पर पेटी कशाची?"

"चित्र आणायचंय."

"येवढ्या लांबनं? बाजारात मिळत्यात की." काटेवाडी आली तशा त्या उतरल्या. मी त्यांच्या 'मालक' या चुकीच्या समजुतीला उत्तर दिलं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. देवधरांनीही ऐकलं असणार. समासात माझं एकही चुकलेलं स्वल्पविरामचिन्ह न सोडणारा माणूस खिडकीबाहेर उसाकडं पाहत राहिला.

ऊस मात्र पाहण्यासारखा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभा, मधूनच तोड झालेलं काळं रान, त्यात बगळे, आणि कुठं कालव्याची हिरवी रेघ. देवधरांना आता कंठ फुटला. तैलचित्रावरचं वॉर्निश कसं पिवळं पडतं हे ते मला सांगू लागले. ते इतकं मन लावून सांगत होते आणि मी इतकं मन लावून ऐकत होते, की सणसर येऊन गेलं. कंडक्टरनं बेल मारून विचारलं, "तुमी सणसरचं ना?" तोवर लासुर्णे आलं होतं.

लासुर्ण्याच्या फाट्यावर सणसरकडं जाणारी एसटी कधी येईल, हे कुणालाच सांगता येईना. कारखान्याकडं निघालेला उसाचा एक ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरनं आम्हाला मडगार्डवर बसवलं, पेटी पायांशी ठेवली आणि मला म्हणाला, "वैनी, घट्ट धरा."

"काय धरू?"

"ज्ये घावंल त्ये."

धरण्यासारखं ट्रॅक्टरचं काही माझ्या हाताला आलं नाही. देवधरांचा खांदा आला. सणसरच्या वेशीपर्यंत मी तो धरून ठेवला होता. वॉर्निशचा विषय तिथंच संपला आणि दोघांपैकी कुणीही दुसरा काढला नाही. अशा रीतीनं, सगळ्या गावासमोरून, उसाच्या पुढं बसून आम्ही सणसरात शिरलो.

चित्र ज्यांच्या घरी होतं त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे आबा म्हणत. अंगात पांढरा सदरा, डोक्याला लाल मुंडासं. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. कालवा आला, पाणी आलं, मेंढरं गेली आणि ऊस आला. आता घरी कांदा, वांगी आणि थोडी शेवंतीही होती. मेंढरांची आठवण म्हणून एक काळं घोंगडं उरलं होतं, ते आबांनी आमच्यासाठी अंथरलं. घोंगडं एकच होतं.

"या, या," आबा देवधरांना म्हणाले. "गेल्या बारीला एकलेच आलावता. आवंदा जोडीनं आला, बेस झालं." आणि आत हाक मारली, "सुमन, सरांच्या बाईसाब आल्यात."

सुमन म्हणजे आबांची सून. तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, माझ्या गळ्याकडं पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत माझी अडचण स्वतःच सोडवली. "मंगळसूत्र घरी ठिवलंत व्हय? बेस केलंत. एसटीत लई वढत्यात."

मी देवधरांकडं पाहिलं. देवधर छताकडं पाहत होते. छत पत्र्याचं होतं.

देवघर म्हणजे आतल्या खोलीचा एक कोनाडा आणि त्याखाली लाकडी चौरंग. चौरंगावर चांदीचे टाक, हळदीचा भंडारा, आणि मागं ते चित्र. लांबीरुंदीला साधारण घडी केलेल्या वर्तमानपत्राएवढं. कालव्याचं काम चालू असतानाचा उजाड माळ, मातीचे ढीग, दोन मेंढरं, आणि मधे उभी एक तरुण बाई. इरकली लुगडं, हातात काठी, आणि रंगवणाऱ्याकडं सरळ पाहणारे डोळे. मी आयुष्यात बऱ्याच चित्रांची वर्णनं केली आहेत, सगळी देवधरांच्या सांगण्यावरून. समोर उभं राहिल्यावर माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. ती बाई माझ्याकडं बघत होती, एवढंच म्हणता येईल. कपाळावर मात्र काही दिसत नव्हतं. तिथं कुंकवाचा एवढा जाड थर होता, की तो चित्रातून बाहेर आला होता. वर्षानुवर्षं रोज एक बोट.

"आमी ह्याला चित्र म्हनत न्हाय," आबा म्हणाले. "थोरली म्हंतो. माझ्या आज्याची थोरली भण."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. कालवा खोदत होते तेव्हा देखरेखीला एक गोरा साहेब होता. रोज सकाळी तो बाभळीखाली खुर्ची टाकून रंगवत बसे. थोरली तिथंच मेंढरं राखायची. साहेबानं तिला रंगवायला घेतलं. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, चित्र काही संपेना. संपलं असतं तर बसायला कारण उरलं नसतं, असं आबा म्हणाले नाहीत, ते मी मनात म्हणाले. मग साहेबाची बदली झाली आणि जाताना तो चित्र थोरलीच्या भावाच्या हातात देऊन गेला.

"चित्रात कुंकू न्हवतं," आबा म्हणाले. "सायेब काढायचा इसरला, आसं कोण म्हंतं. कोण म्हंतं, तवा तिला कुंकू न्हवतंच. न्हवरा पटकीनं गेलावता. पर तिनं सोताच्या बोटानं चित्राला कुंकू लावलं. मरस्तवर रोज लावलं. आता आमी लावतो."

"कुणाच्या नावानं लावलं?" मी विचारलं.

"त्ये तिला म्हाईत."

देवधरांचे डोळे चमकत होते. आबांची गोष्ट ऐकीव होती, म्हणून थराखाली खरोखर रंगवलेलं कुंकू आहे की कोरं कपाळ, हेच त्यांना पाहायचं होतं. साहेबानं तिला सवाष्ण म्हणून रंगवली की विधवा म्हणून, यावर सगळा अहवाल उभा राहणार होता. त्यांनी आबांना स्वच्छ सांगितलं, की चित्र पुण्याला न्यावं लागेल, थर काढावा लागेल, आणि काम झालं की चित्र ते स्वतः परत आणून देतील. कुंकू मात्र राहणार नाही.

आबांनी बराच वेळ मिशी चाचपली. "न्हाय म्हणायचा आमाला हक्क न्हाय, आन् व्हय म्हणायचा बी न्हाय. तिलाच इचारू. कौल लावू."

कौल म्हणजे देवाची परवानगी. देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं एकेक कळी चिकटवायची आणि आपलं मागणं सांगायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तैलचित्राला पाणी लावणार हे ऐकून देवधरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "कळ्या चौकटीला लावल्या तर?"

"चौकटीला कशाचा कौल?" आबा म्हणाले. "ती सुताराची हाय."

"बरं, मग उजवी म्हणजे तिची उजवी, की पाहणाऱ्याची?"

"तिची. आपली कोण इचारतंय?"

चित्राच्या खांद्यांवर हळदीचं चांगलं जाड पुट होतं, त्यावर कळ्या लावायच्या ठरल्या. देवधरांनी रंगाला काही होणार नाही अशी मनाची समजूत घातली आणि चौरंगासमोर बसायला पुढं झाले. सुमननं त्यांना थांबवलं.

"एकट्यानं न्हाय मागायचं. आमच्यात थोरलीला जोडीनंच मागत्यात. वैनी, तुमी बी बसा."

सांगायची वेळ असेल तर ती हीच होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात सुमननं आबांचं उपरणं देवधरांच्या खांद्यावर टाकलं, त्याचं टोक माझ्या पदराला बांधलं आणि गाठ घट्ट ओढून पाहिली. मी तोंड मिटलं. देवधरांनी घसा खाकरला, मला वाटलं आता ते बोलणार, पण त्यांनी नुसता घसाच खाकरला. मग त्यांनी आपलं मागणं मोठ्यानं सांगितलं. माझं मी मनातल्या मनात सांगितलं. डावी पाड, मी थोरलीला म्हणाले. या माणसाला जाऊ देऊ नकोस. देवासमोर असं मागायला मला लाज वाटली, पण मागणं बदलावंसं वाटलं नाही.

शेवंतीच्या दोन कळ्या तिच्या खांद्यांवर बसल्या आणि बसूनच राहिल्या.

"आता?" देवधरांनी विचारलं.

"आता वाट बघायची," आबा म्हणाले. "आन् कौल लागस्तवर गाठ सोडायची न्हाय."

माझ्या कादंबऱ्यांत प्रतीक्षा भरपूर असते, पण तिच्यात कुणाला हात धुवायचे नसतात. आम्ही हात धुवायला नळाशी बरोबर गेलो. अंगणात बरोबर आलो. देवधरांना चित्राचा खालचा कोपरा पाहायचा होता तेव्हा त्यांना मला विचारावं लागलं, आणि मी उठले तेव्हा ते उठले. जेवायला पाटावर शेजारी शेजारी बसलो. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, कांद्याची पात, ताक, आणि शेवटी वाटीभर काकवी (उसाचा रस आटवून केलेला पाक). काकवी गाठीवर सांडू नये म्हणून देवधरांनी उपरण्याचं टोक आपल्या मुठीत धरलं. त्या मुठीत माझा पदरही होता. काकवी फार चांगली होती, असं मला आठवतं. दुसरं काही त्या वेळी सुचत नव्हतं.

ऊन कलायला लागलं. आबा ओसरीवर पडले. सुमन वांगी निवडत बसली. आम्ही चौरंगासमोर परत आलो. देवधर चित्राकडं पाहत होते, मी कळ्यांकडं.

"मालतीबाई," ते हळू आवाजात म्हणाले. माझं नाव मालती. "तुमच्या कादंबरीत तो नायक जातो, की राहतो?"

"अजून ठरलं नाही."

"दोनशे पानं झाली ना?"

"हो."

दोन वाक्यांवर आम्ही दोघंही दमलो होतो.

मग कळी पडली. आवाज झाला नाही. हळदीचा लहानसा कपचा घेऊन ती टाकांच्या मधे पडली. तिची उजवी. होकार.

"दिला!" सुमन वांगी टाकून उठली. आबा आत आले, दोन्ही हात जोडून थोरलीच्या पाया पडले आणि मग देवधरांना म्हणाले, "न्या सर. तिची मर्जी हाय तर आमी कोण?" पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. सुमननं डोळ्यांना पदर लावला आणि चित्र गुंडाळायला जुनं धुवट लुगडं आणलं. रोज सकाळी ज्या कपाळावर बोट टेकवायचं, ते कपाळ उद्यापासून तिथं नसणार होतं.

इथं माझ्या हातात एक शस्त्र होतं. आम्ही नवराबायको नाही, एवढं मी म्हणाले असते की कौल मोडला असता. चित्र राहिलं असतं, अहवाल राहिला असता, देवधर राहिले असते. मी ते वाक्य जिभेपर्यंत आणलं आणि गिळलं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी स्वतःच्या स्वार्थासाठी मोडणार नव्हते. रडू येत होतं. मी गाठ सोडायला घेतली, ती सुटेना.

"आबा," देवधर म्हणाले, "एक दुरुस्ती आहे."

सगळे थांबले.

"आम्ही नवराबायको नाही."

आबांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "न्हाय?"

"नाही."

"मंग कोण?"

देवधरांनी खूप विचार केला. ते कधीही ढोबळ उत्तर देत नाहीत. शेवटी म्हणाले, "शनिवारी चहा पितो."

सुमननं तोंडात पदर कोंबला. हसू की राग, मला कळेना. "आन् ही गाठ?" तिनं विचारलं.

"ती तुम्ही बांधलीत."

"तुमी बांधू दिलीत की!"

देवधर जमिनीकडं पाहू लागले. मीही जमिनीकडं पाहत होते. आबा चौरंगाच्या कडेला टेकले. ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"कौल खोटा झाला," ते म्हणाले. "फसवून घेतलेला होकार, त्यो काय होकार न्हवं. थोरली हितंच राहील." मग म्हणाले, "त्यो सायेब कैक दिस त्या बाभळीखाली बसला. रंग लावला, रंग पुसला. पर तोंड उघडून तिला इचारलं न्हाय. तुमी तोंड तरी उघडलं, सर. खरं जोडपं हून या, मंग परत कळी लावू. ती काय कुठं चालली न्हाय."

सुमननं चित्र पुन्हा भिंतीला टेकवलं. डाव्या खांद्यावर राहिलेली कळी काढताना तिचा हात कपाळाला लागला आणि कुंकवाच्या थराचा एक तुकडा तिच्या तळहातावर आला. म्हणजे कपाळाचा तेवढा भाग आता उघडा होता. देवधर हातभर अंतरावर उभे होते. ज्याच्यासाठी ते इटलीपर्यंत जाणार होते, ते मान वळवली असती तर दिसलं असतं. त्यांनी मान वळवली नाही. ते माझ्या पदराची गाठ सोडवत होते, आणि सुमननं नवं कुंकू भिजवून थोरलीच्या कपाळाला लावेपर्यंत सोडवत राहिले.

थोरलीच्या कपाळावर कुंकवाखाली काय आहे, मला माहीत नाही. माझं मत विचाराल तर कपाळ कोरं आहे. साहेबानं तिला होती तशी रंगवली, आणि तो गेल्यावर तिनं त्याच्या नावानं कुंकू लावलं. पुरावा शून्य. देवधरांनी हे वाक्य समासात खोडलं असतं.

आबांनी आम्हाला फाट्यापर्यंत सोडलं आणि काकवीची एक बाटली दिली. एसटीत बसेपर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो. बारामतीच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट पाहताना देवधर म्हणाले, "मी डावी मागत होतो."

मला आधी कळलंच नाही. "तुम्ही मोठ्यानं तर चित्र मागितलंत."

"गाठ बांधायच्या आधी ठरवलं होतं ते. बांधल्यावर मागणं बदललं. मोठ्यानं ठरलेलंच सांगितलं."

"मीही डावीच मागत होते," मी म्हणाले.

आम्ही दोघांनी मागितलेलं तिनं दिलं नाही, आणि दिलंही. गाडी लागली. मला वाटलं, आता नाही बोलले तर मीही बाभळीखालच्या साहेबाच्या पंगतीला बसेन. खिडकीची जागा मी घेतली आणि म्हणाले, "देवधर, तुम्ही गेलेलं मला नको आहे. जाणारच असाल तर मला घेऊन जा. आता यातलं तुम्हाला काय विचारायचं असेल ते विचारा. मी बाहेर बघते."

"विचारतो," ते म्हणाले.

मोरगाव गेलं. जेजुरी गेली, गडावर दिवे लागत होते. सासवडला गाडी थांबली, लोक चढले उतरले, देवधर समोरच्या बाकाच्या दांडीकडं पाहत होते. मी त्यांना घाई केली नाही. हा माणूस एक इंच रंग साफ करायला आठवडा घेतो, हे मला माहीत आहे.

दिवे घाटात, गाडी वळणावर असताना, त्यांनी विचारलं. "मालतीबाई, माझ्याशी लग्न कराल का? अहवालाशिवाय इटलीवाले घेतील की नाही, माहीत नाही. घेतलं तर दोघं जाऊ. नाही घेतलं तर पुण्यात राहू. पुणंही वाईट नाही."

मी हो म्हणाले. ते समोरून येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नमध्ये बुडालं, म्हणून पुन्हा म्हणाले, आणि या वेळी पुढच्या दोन बाकांवरची माणसं मागं वळली.

माणसांची परदेशात घडणारी गोष्ट लिहायला परदेशात जावं लागतं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या साहेबाला सणसर परदेशच होतं. तिथं त्याला सगळं दिसलं, लुगड्याचा काठ दिसला, मेंढराची लोकर दिसली, पण विचारायचं राहून गेलं. माणूस समोर उभं असताना नुसतं बघत राहायचं नसतं, एवढं मला सणसरनं शिकवलं. त्यासाठी मला तीन तालुके ओलांडावे लागले.

घाट उतरून गाडी हडपसरकडं लागली तेव्हा मला खरोखर रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही. देवधर खिसे चाचपत म्हणाले, "रुमाल आहे. पण त्याला टर्पेंटाइनचा वास येतो."

मी तो घेतला.